खुणेच्या चिंध्या

बाबा,

आज दुपारपासून मी हत्यारं जमिनीवर मांडून बसले आहे. पाने, पकड, दोन कानशी, गिरमीट, तुमचा रंधा. नानाखेड्याच्या या दोन खोल्यांत एवढं कधी जमलं, मलाच कळलं नाही. एक हत्यार आणलं की ते चार सोयरे बोलावून आणतं. ती ठेवायची कशात, यावर माझा आठवडा गेला आहे. माधव नगरातल्या दुकानदाराने प्लॅस्टिकचे खण दाखवले, जावई म्हणतो भिंतीवर फळी ठोका आणि टांगून टाका. मी दोघांनाही हो म्हटलं आणि काहीच केलं नाही. घरातल्यांना वाटतं, म्हातारपणी बाईला नाद लागला. खरं कारण असं, की पेटी निवडायची म्हटलं की मला तुमची पेटी दिसते आणि हात थांबतो.

मिलला टाळं लागलं तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. तुम्ही तिथे फिटर होतात आणि तुमच्या खात्यातली माणसं स्वतःची हत्यारं घेऊन आपल्या दारात आली. कुणी गावी चाललं होतं, कुणाची भाड्याची खोली गळत होती. आपली मधली खोली कोरडी, शिवाय तुमचा शब्द पक्का. "भाऊ, मिल खुलते ही ले जाऊँगा," असं प्रत्येकजण म्हणत होता आणि तुम्ही मान डोलवत होता. मग तुम्हीही असेच आठवडाभर पेटीच्या विचारात होता. पत्र्याच्या ट्रंकेत पावसाळ्यात लोखंडाला घाम येतो, पोतं दमट होतं, आणि लोखंड लोखंडावर घासलं की दोघांचीही धार जाते, असं जेवताना आईला सांगत होता. शेवटी भंगारातून सागवानी खोकं आणलंत, आतून जुनं कांबळं लावलंत, कोपऱ्यांत कापूर ठेवलात. जड खाली, धारेचं गुंडाळून वेगळं.

आणि प्रत्येक हत्याराच्या मुठीला कापडाची एक पट्टी. भैरवगढला छपाई करणाऱ्या तुमच्या ओळखीच्या माणसाने कातरण दिलं होतं, त्यातून ज्याने त्याने आपली छपाई निवडली. कुणाची कैरी, कुणाचे ठिपके, कुणाची तांबडी वेल. नावाची चिठ्ठी तेलात विरघळते, आणि सगळ्यांना वाचता कुठे येतं, असं तुम्ही म्हणाला होतात. डोळ्यांपुढे येतं ते असं: उन्हाळ्याची दुपार आहे, कूलरच्या ओल्या खसाचा वास कापरात मिसळलाय, तुम्ही खोक्यासमोर मांडी घालून एकेक पाना पुसताय आणि मी उंबऱ्यात पेंगत बघतेय. मधूनच कुणीतरी येतं. न्यायला नाही, नुसतं भेटायला. आपली पट्टी शोधतं, हातोडी हातात तोलतं, परत ठेवतं, चहा पिऊन जातं. त्या माणसांचे चेहरे आता धूसर झालेत, पण त्या छपाया मला अजून दिसतात.

पुढे मला देवासच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली. तेव्हा सगळीकडे नवं नवं येत होतं, आणि मलाही घरात काहीतरी नवं आणायचं होतं. पहिल्या पगारात मी तुमच्यासाठी खणांचं स्टीलचं कपाट घेतलं. तुम्ही कुणाच्या तरी लग्नाला नागपूरला गेला होतात. दोन दिवस खपून मी सगळं लावलं. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, कानशी कानशींत, हातोड्या हातोड्यांत. तेलाने काळ्या झालेल्या त्या चिंध्या कात्रीने कापल्या आणि बंबात घातल्या. अंघोळीचं पाणी छान तापलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

तुम्ही आलात, एक खण उघडलात, मग दुसरा, मग सगळे. शाबासकी ऐकायला मी शेजारीच उभी होते.

"या चिंध्या कुणी काढल्या?"

तुमचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मी घाबरले. "मला नाही माहीत," मी म्हटलं, "आईने टाकल्या असतील." आई कणीक मळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, नुसतंच. मग म्हणाली, "हो, मीच. किती कळकट झाल्या होत्या."

"लोकांची अमानत होती ती," तुम्ही म्हणालात. "एवढी वर्षं माझ्या घरात राहून तुला तेवढंही कळलं नाही?"

मग तुम्ही चार दिवस तिच्याशी बोलला नाहीत. ती तुमचं ताट वाढत राहिली, मी मान खाली घालून जेवत राहिले. तिने मला ना तेव्हा काही विचारलं, ना नंतर कधी.

तुम्ही सगळ्यांना निरोप धाडलेत. ते आले आणि डोळे मिटून मुठी चाचपत आपापलं ओळखून नेत गेले. झिजलेल्या लाकडात अंगठा बसला की माणूस हसायचा. शेवटी तीन हत्यारं उरली आणि दोन माणसं. एकाचा पत्ता लागला नाही. दुसरा दिवाळीला आला, तुम्ही तिन्ही त्याच्यापुढे ठेवलीत. त्याने बराच वेळ हातात घेऊन पाहिली. काही वर्षांत त्याचा हातच ती मूठ विसरला होता. "गलत उठा लिया तो, भाऊ?" असं म्हणून तो काही न घेता गेला. मिल शेवटपर्यंत उघडली नाही, तुमचा शब्द मात्र अडकून राहिला. दाराची कडी वाजली की तुमची नजर आधी त्या कपाटाकडे जायची. शेवटच्या आजारपणातही गेली.

ती तिन्ही आज माझ्यासमोर आहेत. मी ठरवलं, लाकडीच खोकं करायचं. सुताराला सांगून आले, येताना कापूर आणला. आईच्या एका जुन्या छापील लुगड्याचा काठ फाडून तिन्हींना पट्ट्या बांधल्या. कुणाच्या म्हणून बांधल्या ते मलाही सांगता यायचं नाही.

हा कागद घडी घालून त्या खोक्यातल्या कांबळ्याखाली जाईल, दुसरीकडे कुठे धाडणार? आईही गेली, तिच्यासमोर बोलायचं तेही राहिलं. चिंध्या मी काढल्या होत्या, बाबा. ते चार दिवस माझ्या वाटणीचे होते.