एकोणतीस मीटरवरचा एरिस

१२ तारीख, सोमवार
विज्ञान केंद्रातलं सूर्यमालेचं दालन रविवारी उघडणार. त्याच दिवशी माझं प्रोबेशन संपतं. क्युरेटर बाईंनी एरिस हा बटुग्रह माझ्याकडे सोपवला. दुसरं कुणी घेईना म्हणून, असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. जळतो मेला.
संकल्प: एकही आकडा खोटा नको.

१३, मंगळवार
पृथ्वीचा गोळा अकरा सेंटिमीटरचा, म्हणजे एरिस दोनचा. पांढराशुभ्र हवा; वर गोठलेला मिथेन आहे. ताईच्या कपाटात डांबरगोळी सापडली. हुबेहूब! एरिसच्या चंद्रासाठी तिच्या तुटलेल्या माळेतला मणी. ताईने विचारलं, पगार देतात ना रे तुला?

१४, बुधवार
पृथ्वी सूर्यापासून तीस सेंटिमीटरवर ठेवली, तर एरिस सध्या जवळजवळ एकोणतीस मीटरवर येतो. टेप दालनातून निघाली, जिन्याखालून गेली आणि पुरुषांच्या मुतारीत संपली. शी! वासाने डोळ्यांत पाणी. भिंतीवरचा मजकूर घाणेरडा, वर अशुद्ध. इलेक्ट्रिशियन म्हणाला, भावा, दाराबाहेर टांग की, कोण मोजतंय? या वृत्तीचीच मला शिसारी येते.

१६, शुक्रवार
कक्षा ४४ अंश कललेली, म्हणून मुतारीतली तारही तेवढी कलवली. गोळी घसरते. डिंक लावला. सफाईवाल्या काकांनी विचारलं, ही लटकवली कशाला? ग्रह आहे, सूर्याभोवती ५५७ वर्षांत एक फेरी मारतो, असं समजावलं. ते म्हणाले, मी इथे दिवसाला सहा मारतो.
जागा बाईंना सांगितलेली नाही. नुसते बाण लावलेत. सरप्राइज.

१८, रविवार, सकाळ
इस्त्रीचा शर्ट. आज कायम होणार.

रविवार, संध्याकाळ
प्रमुख पाहुण्या फारच हौशी. बाणांमागून तरातरा थेट आत. मागून बाई, मागून मी. तारेला फक्त मणी. ओलीने डिंक सुटला होता. काकांना गोळी खाली पडलेली दिसली, त्यांनी ती असल्या गोळ्या जिथे टाकतात तिथे टाकली. आम्ही शिरलो तेव्हा इलेक्ट्रिशियन नेमका तिच्यासमोर उभा होता. त्याला मध्येच थांबता येईना.
पाहुण्या चहा न घेताच गेल्या. बाई म्हणाल्या, तुझा ग्रह तूच काढ, आणि उद्यापासून येऊ नकोस.
काढला. तीनदा धुतला. मोजला. दीड सेंटिमीटर भरला. पाटीवर दोन लिहिलंय.
पाटी दुरुस्त केल्याशिवाय मी इथून हलणार नाही.