पाचवं छिद्र

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, तुम्ही सगळी ठीक असाल. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन आज नववा दिवस. टाके सुकलेत, पण दुकानात अजून जात नाही. शिलाईमशीनचं पायडल मारलं की पोट ओढतं.

तुला सरळच सांगते, मला पहिल्यापासून सगळ्यांचा संशय होता. माझं वजन एकशे सव्वीस किलो. आधी दोन आठवडे डॉक्टरीणबाईंनी अगदी मोजकं खायला लावलं. म्हणाल्या, "यकृतावर चरबी आहे, ते जरा आकसलं की आत काम करायला जागा मिळेल." मला वाटलं, जाडीची शिक्षा, दुसरं काय! त्यात तुझे भाऊजी गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलायचे आणि मी दिसले की "हो हो, ठेवतो." माझ्या मनानं घेतलं, हे दोघं मिळून माझं जठरही कापून लहान करणार. वजनाचं ऑपरेशन, मला न सांगता.

शुद्धीवर आले तर उजवा खांदा ठणकतोय. ऑपरेशन पोटाचं, मग खांदा का? म्हटलं, उचलताना पाडलं वाटतं दवाखान्यातल्या माणसांनी! घरी आल्यावर आरशासमोर उभी राहून मापाच्या टेपनं मोजलं. चार छिद्रं सांगितली होती, निघाली पाच. शेजारणीचं हेच ऑपरेशन झालंय, तिचं छिद्र बेंबीत आहे, माझं बेंबीच्या चार बोटं वर. ब्लाउजचं माप एवढं चुकलं तर मी गिऱ्हाइकाला तोंड दाखवणार नाही.

"पाचवं कशाला?" मी यांना विचारलं.

"डॉक्टरांना विचार."

"आणि फोन कुणाचे यायचे?"

हे उठून दूध तापवायला गेले.

टाके दाखवायला गेले तेव्हा खुर्चीतून उठलेच नाही. "आत काय काय केलंत ते दाखवा," म्हटलं. बाई चिडल्या नाहीत. संगणकावर चित्रफीतच लावली. म्हणाल्या, "पोट मोठं असलं की बेंबी खाली उतरते, म्हणून वरून आत जावं लागतं. यकृत जड होतं, ते उचलून धरायला पाचवं छिद्र. आत गॅस भरून पोट फुगवतो, त्यानं खांदा दुखतो." पिवळ्या चरबीतून पित्ताशय सोडवताना त्यांची अवजारं इतकी सावकाश चालत होती, जशी मी जरीची शिवण उसवते. जठर जसंच्या तसं.

मग त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या बहिणीनंही हेच सगळं विचारलं होतं. 'आधी वजन उतरवा, मग बघू, असं सांगून ताईला परत पाठवू नका,' म्हणून तीनदा फोन. ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसून होत्या. तुम्ही शुद्धीवर आलात कळल्यावर गेल्या."

बाहेर पडल्या पडल्या मी यांना धरलं, "तिचेच ना ते फोन?" तेव्हा हे म्हणाले, "तिनं शपथ घातली होती. म्हणाली, मी यात आहे हे ताईला कळलं तर ती ऑपरेशनला उभीच राहणार नाही."

खरंच राहिले नसते.

चिमे, चार वेळा कागद फाडला. मला दुखायचं ते उजव्या बरगडीखाली, तिथून पाठीत. आईनंही तिथेच हात धरला होता. तुला ती बोलली नव्हती. मला बोलली. तीन वेळा. मी मशीनवरून मानही वर न करता म्हटलं, "कमी खा, आई. वजन बघ स्वतःचं." पित्ताशय आतल्या आत सडलं आणि ती गेली. मग सगळ्या नातेवाइकांदेखत मीच तुला विचारलं, "नर्स असून तुला कळलं नाही?" तू म्हणालीस, "मला कुणी सांगितलंच नाही." मी म्हटलं, "मलाही नाही."

तू खरं बोललीस. मी नाही.

मामाला आणि दोन्ही काकूंना आज हेच लिहून पाठवलंय, काही न लपवता. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. यायचं की नाही ते तू ठरव. यांना बजावलंय, फोन करून तिला गळ घालायची नाही.

तुझ्यावर सहा वर्षं खोटा आळ ठेवणारी,
ताई