पिंपातलं पाणी वापरू का, अप्पा?

प्रिय अप्पा,

"पिंपाला हात लावायच्या आधी त्येंना विचार," असं म्हणून अव्वा स्वयंपाकघरात निघून गेली. तुम्हाला जाऊन महिना होत आला. आता विचारायचं कसं, ते काही तिने सांगितलं नाही. म्हणून हे पत्र.

आधी काय झालंय ते सांगते. तुमच्या समुद्राच्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडबुडे झालेत. मोहरीहून बारीक, पण इतके की पाणी पांढुरकं दिसतंय. दोन्ही पट्टेवाले मासे दगडामागे दडून बसलेत, खायलाही बाहेर येत नाहीत. जगतील ना ते? तुम्ही होता तेव्हा पाणी कसं नितळ असायचं! मग हे आताच कुठून आलं?

मी सुचेल ते केलं. टाकीखालच्या कपाटातल्या गाळणीची मोज्यासारखी पिशवी धुतली. नांदेडचे मासेवाले फोनवर म्हणाले, जोडातून हवा शिरत असेल, म्हणून नळ्यांच्या जोडांना व्हॅसलीन फासलं. स्पंज आडवा लावला, मग उभा लावला. बुडबुडे कमी झाले की वाढले, तेही कळेना. तिकडे माझ्या सासरी सगळे विचारतात, परत कधी येणार? काय सांगू? माशांना बरं नाही म्हणून?

खरं सांगू, तुमचा रागही येतो. लातुरात आपण भाज्या धुतलेलं पाणी कुंड्यांना घालतो, आणि तुम्ही दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवलात. तोही लिंगायताच्या घरात, जिथे अंडंसुद्धा येत नाही. माशांना घालायच्या कोळंबीसाठी गॅलरीत वेगळा फ्रीज आला आणि अव्वाने गॅलरीत कपडे वाळत घालायचं सोडलं. आडतीच्या दुकानातून आलात की चहाच्या आधी तुम्ही टाकीसमोर. काय दिसायचं तुम्हाला तिथे? कधी धड सांगितलंही नाहीत.

आज सकाळी मात्र अव्वा स्वतःहून टाकीजवळ आली. पदर नाकाला लावून. वाकून खालच्या कपाटातली मोटर बघितली आणि म्हणाली, "ही हवा ओढायली की गं. बोअर खाली गेल्यावर नळ असाच फुरफुरतो."

बघितलं तर खरंच. मोटरच्या कप्प्यात पाणी तळाला गेलेलं. इतके बोअर आटलेले बघून मला का नाही सुचलं? पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालायचं, हे तर तुमच्याकडूनच ऐकलं होतं.

पण गोडं पाणी आणू कुठून? बाजारातलं जारचं चालत नाही, असं तुम्हीच बजावलेलं. तुमच्या मशीनमधून गाळावं, तर नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नाही. उरलं ते न्हाणीबाहेरचं निळं पिंप. तुम्ही गाळून भरून ठेवलेलं. मी झाकण काढायला गेले तर अव्वा आडवी आली.

"ते न्हाई मिळायचं. त्येंच्या हातचं हाय."

"अव्वा, मासे मरतील."

ती झाकणावर हात ठेवून उभी राहिली. मग तुम्हाला विचारायचं म्हणाली.

तर विचारते, अप्पा. ते पाणी वापरू का? संपलं तर तिचं काय होईल? आणि माझं?

इथवर लिहून थांबले होते. अव्वा हात पुसत आली.

"विचारलीस?"

"हो."

"काय म्हनले?"

"काहीच नाही."

"मग हाव म्हना. नको असलं की बोलायचे ते. हाव असलं की गप."

आणि तिनेच झाकण काढलं. तांब्याने, थेंब न सांडता, एकेक करत तिने ते पाणी मोटरच्या कप्प्यात घातलं. बुडबुडे हळूहळू विरले. मासे अजून दगडामागेच आहेत. ती तिथेच खुर्ची घेऊन बसलीय, आणि मी इथे लिहिता लिहिता रडतेय. हे बरं झालं की वाईट, मला कळत नाही.

एक शब्द देते. ते पिंप मी रिकामं होऊ देणार नाही. नळ आला की त्यातच गाळून भरीन, तुमचं थोडं तळाशी असतानाच. दर वेळी तसंच. म्हणजे तुमचं पाणी कधी पूर्ण संपणार नाही.

तुमची लेक,
शैला