रागावर कटेला

८ मार्च, शनिवार
आजपासून मी शांत. श्यामला रुसून वाघोलीला लेकीकडे, नम्रताकडे, जाऊन बसली आहे. कारण काय, तर नातवाच्या बारशात मी आमचे व्याही आप्पासाहेब यांना जिलबीवरून दोन शब्द बोललो. खरं तर चार बोलायला हवे होते. तिचा निरोप आलाय: पाडव्याला इथे जेवायला या, आप्पासाहेबांशी नीट वागलात तर बॅग भरून तयार असेन, तुमच्याबरोबर घरी येईन.

मी रागीट नाही. लोक चुकतात आणि ते मला दिसतं, एवढंच. तरी कटेल्याची, म्हणजे जांभळ्या अ‍ॅमेथिस्टची, अंगठी केली. चांदीत, मधल्या बोटात. ज्यांना नीलम झेपत नाही ते शनीसाठी हा घालतात, असं दुकानदार केयूर माझ्या चपलांकडे बघत म्हणाला. नेटवर मात्र वेगळंच. ग्रीक लोक नशा चढू नये म्हणून म्हणे अ‍ॅमेथिस्टच्या पेल्यातून दारू पीत. म्हणजे डोकं ताळ्यावर ठेवणारा दगड. रंग वांग्यासारखा गडद.

९ मार्च
केयूरने सांगितलेली निगा: उन्हात ठेवू नका, उकळत्या पाण्यात घालू नका, कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. दुकानदार जे करू नका म्हणतो त्यातच गिऱ्हाइकाचा फायदा असतो. उन्हाने शक्ती वाढणार हे शेंबडं पोरही सांगेल. रोज गच्चीवर ठेवणार.

११ मार्च
गच्चीच्या दाराला पाटी लावली. 'अंगठी उन्हात आहे. हात लावू नये. बघितलेच पाहिजे असेही नाही.' वरच्या मजल्यावर नागपूरहून आलेला सलिल राहतो. आईने पाठवलेले पापड कुठे वाळवू, असं विचारत होता. शांतपणे सांगितलं, नागपूरला. पूर्वी ओरडलो असतो. गुण येतोय.

१७ मार्च, सकाळी
दगड फिका पडतोय! केयूरला फोनवर झापणार होतो, मग लक्षात आलं. माझा राग तो ओढून घेतोय. आणखी पुरावा काय हवा? नम्रताला कळवलं. ती म्हणाली, बाबा, उन्हात ठेवता का? मी फोन ठेवला. शांतपणे ठेवला.

२२ मार्च, शनिवार
दूधवाला बंद. पेपरवाला बंद. शांतता टिकवायची तर असली माणसं कमी करायलाच हवीत.

केयूरला दगड दाखवला. म्हणाला, उन्हाने रंग उडालाय, आता परत येणार नाही. खोटारडा. दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगून आलो की इथून काही घेऊ नका. आवाज चढला, पण तो बाहेर ट्रॅफिक होता म्हणून.

२९ मार्च
दगड आता जवळजवळ पांढरा. म्हणजे माझ्यात काही उरलेलं नाही. घर झाडलं. श्यामलाची गादी, उशी उन्हात घातली. तिचा चहाचा कप घासून ठेवला. घरात दूध नाही हे नंतर आठवलं.

३० मार्च, पाडवा
आप्पासाहेबांनी स्वतः दार उघडलं. या, बसा, बरे आहात ना आपण? मी हो म्हणालो. दाराशी श्यामलाची बॅग. तिच्या अंगावर मला आवडते ती हिरवी साडी. श्रीखंडापर्यंत सगळं सुरळीत. मग आप्पासाहेबांचं लक्ष अंगठीकडे गेलं. म्हणाले, काचसुद्धा शोभते हो तुमच्या हाताला.

मी सांगितलं, ही काच नाही, कटेला आहे. ज्याला जिलबी कळत नाही त्याला रत्न कळेल अशी माझी अपेक्षाही नाही. मग आणखीही बरंच सांगितलं. नातू अर्णव दचकून रडायला लागला. श्यामला पानावरून उठली, हात धुतले आणि दाराजवळची बॅग आत घेऊन गेली. आत कपाट उघडल्याचा आवाज आला.

येताना रिक्षावाल्याने भलत्याच रस्त्याने फिरवलं. मी त्याला काही बोललो नाही. हे श्यामलाने बघायला हवं होतं.

जिन्यात सलिल भेटला. काकू नाही आल्या का, म्हणाला. मी म्हटलं, उद्यापासून गच्ची मोकळी आहे, पापड घाल.