आठ वाजता माझा भाग आहे

अहो,

मी इंद्रलोक सोसायटीत हिनाकडे टीव्ही बघायला चाललेय. भात कुकरमध्ये आहे, बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय. गरम करताना चमचा फिरवू नका, बोंबील मोडतात.

रागावून गेलेली नाही. मी भाग घेतला होता तो बायकांच्या खेळांचा कार्यक्रम आज आठ वाजता पुन्हा दाखवणार आहेत, हे सकाळी सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "आठला माझी प्रश्नमंजूषा असते." तीही जुनीच. तुम्ही स्पर्धकाच्या आधी उत्तरं देता आणि शेजारचे राजभाऊ तुम्हाला विद्वान समजतात. हे भाग तुम्ही तिसऱ्यांदा बघताय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

माझा भाग पहिल्यांदा लागला तेव्हा तुम्ही बोटीवर होतात. परत आल्यावर एवढंच विचारलंत, "मिक्सर मिळाला का?" नव्हता मिळाला. मी लिंबू-चमच्यातच बाद झाले. पण बाद झाल्यावर त्यांनी माईक पुढे धरून विचारलं, नवऱ्याबद्दल काय सांगाल? मी बरंच बोलले. तेवढं तुमच्यासमोर कधी बोलले नाही.

हिना म्हणाली, "भाईसाब को भी लाओ ना." मी म्हटलं, उनको टाइम नहीं.

तुमची प्रश्नमंजूषा उद्या दुपारी परत लागते. यायचं असेल तर लिंबू-चमचा संपायच्या आत या, आणि अंगात शर्ट घालून या. हिनाची सासू आलीय.

शालू