भुऱ्याचं दावं

२८ ऑक्टोबर १९७८, शनिवार

आष्टीवाले पाडव्याला येणार. कुंदाला पाहायला!

तानबाने चहाच्या टपरीवर सांगितलं, तेही बिडी पेटवता पेटवता. मुलगा मास्तर आहे म्हणे. आष्टीला घर, ओलिताची शेती. मी हातातला ग्लास आपटला. फुटला. टपरीवाला खाली वाकून काचा वेचायला लागला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तानबा म्हणतो, "अबे, त्याचे ग्लास कायले फोडून राह्यला? तुले तिनं कधी काही म्हटलं का?"

नाही म्हटलं. मी तरी कुठे म्हटलं? इतकी वर्षं तिच्या बाबांच्या, बंडूजींच्या, दुकानातून नुसत्या काडेपेट्या आणतो आहे. दुपारी कधीकधी गल्ल्यावर कुंदा असते, म्हणून. मायने परवा फडताळ उघडलं आणि विचारलं, "दिवाकर, गाव पेटवतं का रे?"

२९ ऑक्टोबर

बाबांशी पुन्हा तेच भांडण. वर्ध्याला जा, कॉलेजात नाव परत घाल, परीक्षेला बस. कोणत्या तोंडाने जाऊ? सरांनी भर वर्गात माझ्या "मले"ची नक्कल केली, सगळे हसले, मी पुस्तक त्यांच्या टेबलावर फेकलं आणि बाहेर पडलो. पुन्हा पाऊल ठेवलं नाही. तेव्हा वाटलं होतं — केवढा पराक्रम! आता इथे अल्लीपुरात कोणी विचारलं की बाबा खाली पाहून सांगतात, "बी.ए. करत होता."

करत होता!

३१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

संध्याकाळी बंडूजी आले. मला वाटलं, दिवाळीचं बोलवायला. तर बाबांना म्हणतात, "किसनराव, उद्या पावणे येऊन राह्यले. कुंदा म्हणते, भुऱ्या फटाक्यायनं बिचकून आहे, पावण्यायच्या अंगावर जाईन. तं उद्याचा दिवस तुमच्या कोठ्यात बांधा त्याले."

बाबा म्हणाले, बांधू की.

म्हणजे मास्तर गादीवर बसून पोहे खाणार आणि मी इकडे गुरांच्या कोठ्यात त्यांचं कुत्रं राखणार. वा!

झोप येणार नाही.

१ नोव्हेंबर, पाडवा

हे लिहू नये असं वाटतं. लिहिलं नाही तर मात्र फुटेन.

सकाळी भुऱ्याला घेऊन कुंदा स्वतः आली. न्हालेली, केस ओलेच. मी आमचं एक दावं भुऱ्याच्या गळ्यात बांधलं, दुसरं टोक खुंट्याला. ती म्हणाली, "सांजच्याले तूच आणून देजो. दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवू नको."

"बरं," मी म्हटलं. गाठ बघत म्हटलं. ती थोडी उभी राहिली. मग गेली. मनात आलं — गडी समजते मला! हुकूम सोडून गेली!

भुऱ्या दिवसभर गप. गाईगोधन खेळवणारे गोवारी डफडी वाजवत दारात आले, तर हा त्यांचे पाय चाटत बसला. बाबा हसले — "हा कायचा कोणाच्या अंगावर जाते!"

दुपारी आष्टीवाल्यांची जीप आली. कोठ्यातून बंडूजींची ओसरी दिसते. मास्तर उतरला. पांढरी पँट, पांढरा शर्ट. कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मला ते माझ्यावर हसल्यासारखं वाटलं. वर्गातल्यासारखं.

डोकं फिरलं.

मी भुऱ्याच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि म्हटलं, "जा बे घरी." चिखलाचे पाय घेऊन तो ओसरीवर चढावा, पोह्यांच्या बशा उलथाव्यात, त्या पँटीवर पंजे उमटावेत — एवढंच मनात होतं. देवाशपथ एवढंच.

तो शेपूट हलवत गल्लीत गेला. घराकडेच वळला होता. तेवढ्यात कोणी गाईंच्या मागे फटाक्यांची माळ लावली. गाई उधळल्या. त्यांच्या पायांत भुऱ्या. एकदा किंचाळला. मग त्याची पांढरी शेपूट शेतांच्या बाजूला पळताना दिसली आणि दिसेनाशी झाली.

मी धावलो. "भुऱ्या! भुऱ्या!" ज्वारी माणसाहून उंच. कुठे शोधणार?

आणि परत येऊन काय केलं? आधी विळा घेतला. दावं मधोमध कापलं. अर्धं खुंट्याला ठेवलं, अर्धं उकिरड्यात पुरलं. बाबांना म्हटलं, "दावं तुटलं." बाबांनी तुकडा हातात घेऊन पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि परत टाकून दिला.

दिवस मावळताना बंडूजींकडे गेलो. जाणं भागच होतं. जेवणं कधीच आटोपली होती, तरी आष्टीवाले ओसरीवर बसूनच. माझा आवाज ऐकून कुंदा दाराशी आली. माझे हात रिकामे आहेत हे तिने आधी पाहिलंच नाही. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. हसली असती बहुतेक.

मी म्हटलं, "दावं तुटलं. भुऱ्या पळाला."

ती आत निघून गेली.

सगळ्यात आधी कोण उठलं? मास्तर! जीपमधली बॅटरी घेऊन, पाहुणा म्हणून आलेला माणूस, पांढऱ्या कपड्यांनिशी ज्वारीत शिरला. चांगला माणूस आहे. त्याचाही राग आला.

तानबा वाटेत भेटला. म्हणाला, "नाल्याकडे पाहू नको म्हणा त्या मास्तरले. डुकरायसाठी बारुदाचे बार ठेवले आहेत तिकडे, कणकेत गुंडाळून. कुत्र्यानं तोंडात धरला का जबडा गेला समज."

गावभर फटाके वाजताहेत. कोणता फटाका आणि कोणता बार, कसं ओळखू? दर आवाजाला उठून दारात जातो.

२ नोव्हेंबर, भाऊबीज

उजाडताच नाल्यावर गेलो. काठी ठोकत, एकेक झुडूप बघत. एका ठिकाणी रक्त आणि भुरे केस! तिथेच बसलो. तानबा मागून आला, काठीने उलटंसुलटं केलं. "अबे, ससा आहे. लांडग्यानं खाल्लेला. ऊठ." मी रडत होतो. तानबा दुसरीकडे बघत उभा राहिला.

वाटेत भेटलेला प्रत्येक जण म्हणत होता, किसनरावाचं पोरगं चांगलं हो. लोकाच्या कुत्र्यासाठी पाहा किती हिंडून राह्यलं!

घरी आलो तर माय दारात. "अरे, कुठे मरायले गेलता? तुहा भुऱ्या तं कोठ्यात आहे! धार काढाले गेली तं खुंट्यापाशी बसलेला."

खुंट्यापाशी! जिथे बांधला होता तिथेच. एक कान भाजलेला, अंगाला ज्वारीची पानं. मला पाहून शेपूट हलवायला लागला. मला!

मी त्याला उचलून नेला. सगळं बंडूजींचं घर बाहेर आलं. कुंदा त्याला मिठी मारून बसली. गळ्यावरून हात फिरवता फिरवता तिचा हात थांबला. गळा मोकळा होता. दावं तुटलं असतं तर तुकडा गळ्यात राहिला असता. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात कुंदाची आई, प्रमिलाकाकू, ताम्हण घेऊन आल्या. तेल, कुंकू, सुपारी. म्हणाल्या, "दिवाकर, तू होता म्हून सापडला बापा. आमच्या कुंदाले भाऊ नाई. बस पाटावर, आज कुंदा ओवाळीन तुले."

मला वाटलं, जमीन फाटावी. हात जोडून पाटाकडे बघत राहिलो.

कुंदा म्हणाली, "नाई ओवाळत मी."

काकू म्हणाल्या, "काऊन वं?"

"नाई म्हणजे नाई." भुऱ्याला घेऊन आत गेली.

बरोबर आहे. असल्या माणसाला कोण ओवाळील!

३ नोव्हेंबर

जेवलो नाही. कोठ्यात गेलो नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

आष्टीचं जमलं. भुऱ्या हरवला त्याच सांजेला कुंदाने होकाराची मान हलवली म्हणे. कुत्र्याच्या काळजीत मुलगी काय म्हणेल ते खरं धरतात का! पण मी कोण बोलणारा? तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा.

गावात अजून माझं कौतुक चालू आहे. आज टपरीवाल्याने नव्या ग्लासात चहा दिला, पैसे नको म्हणाला. चहा तसाच ठेवून आलो.

६ नोव्हेंबर, सोमवार

सांगून टाकलं.

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. मुद्दामच त्यांच्यासमोर. एकांतात सांगितलं असतं तर बंडूजींनी माफ केलं असतं, आणि ते मला नको होतं. म्हटलं, "बंडूजी, दावं तुटलं नव्हतं. मी सोडलं भुऱ्याले. रागानं. मंग कापलं."

बंडूजी गूळ फोडत होते. हात थांबला.

"राग? कायचा राग बापा? आमच्या कुत्र्यानं तुहं काय केलं?"

सांगायची तीच वेळ होती. जीभच उचलली नाही!

"कॉलेज सोडलं, कुत्रं सोडलं," बंडूजी म्हणाले. "आता आणखी काय काय सोडणार आहे, तेवढं सांगून ठेव."

एक गिऱ्हाईक हसलं. या वेळी मी काही फेकलं नाही. हे लिहिण्यासारखं आहे का, माहीत नाही. उभा राहिलो, मग "चुकलो" म्हटलं आणि आलो.

घरी बाबांना सांगायला लागलो तर म्हणतात, "दाव्याचा कापलेला पीळ मले समजत नाई काय? तू केव्हा सांगतं, तेच पाहून राह्यलो होतो." मग ताट पुढे सरकवून — "जेव."

७ नोव्हेंबर

वर्ध्याला जायचं ठरवलं. सरांनाही चुकलो म्हणून सांगीन. वर्गात बसू देतील, नाही देतील. जाण्याआधी कुंदाची माफी मागायची. तेवढं झालं की मोकळा.

८ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी दुकानात कुंदा एकटीच होती. भुऱ्याच्या कानाला हळद-तेल लावत होती. मी एका दमात म्हटलं, चुकलो, तुह्या पावण्यायचा राग आला म्हून सोडला.

तिने वर पाहिलं नाही. "भुऱ्या कधी कोणाच्या अंगावर गेला का? तू पाह्यलं?"

नाही म्हटलं.

"मंग तुह्या कोठ्यात कायले बांधला?"

मी भुऱ्याकडे पाहिलं.

"आष्टीवाल्यायले माह्यं काय ते मी सांजच्याले सांगीन म्हटलतं. पावणे थांबवून ठेवले. म्हटलं, भुऱ्याले घेऊन तू येशीन, बाबायच्या समोर उभा राह्यशीन, एकदा तरी तोंड उघडशीन." बोट कानावरून फिरतच होतं. "तू आला. आन् दावं तुटलं म्हणाला."

मग हात पुसून ती उठली आणि एक काडेपेटी माझ्यासमोर ठेवली. मी मागितली नव्हती.