मातीच्या घरातली जागा

मुयाल बाळे, तुझी चूल सदा पेटती राहो.

मी सांगते आणि सुनेचा भाऊ लिहितो. हसला की शाई सांडतो.

तुझ्या दादाच्या दगडी घरात मी मजेत आहे. पायऱ्या इतक्या, की वर पोचेपर्यंत खाल्लेलं जिरतं. दळायला येणाऱ्या बाया खालच्या गवती झोपड्यांतल्या. सून म्हणते, "सासूबाई, त्यांना वर बसवू नका." म्हणून मीच खाली जाऊन बसते.

थोडा खोकला झाला, तर दादा म्हणाला, "आई, काळजी नको. तुला याच फरशीखाली पुरू, तोंडात हिरवा मणी घालून, थोरामोठ्यांना घालतात तसा." लेकरू मायेनंच बोललं. मी म्हटलं, "मक्याचा दाणा घाल, पण मला पूर तुझ्या बापाशेजारी, आपल्या मातीच्या घराच्या जमिनीखाली."

तुझं बाळ चालायला लागलं का? खोकला काही विशेष नाही. तरी जावयांना मला आपल्या मातीच्या घरी न्यायला लवकर पाठव. आपल्या घरात मला माझ्या पायांनी शिरायचंय.

तुझीच,
आई